वसमत–बेंगळुरू विनाथांबा

१२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

पडदा बसला. चौतीस इंच. लहान ताटात मोठी भाकरी वाढावी तसा टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला आहे. घरात त्याला एकच जागा निघाली, खिडकीपुढची. त्यामुळे खिडकी बंद. काही बिघडत नाही. खिडकीतून दिसतं काय, तर वसमत एसटी स्टँडची मागची भिंत आणि भिंतीकडे तोंड करून उभे असलेले पुरुष. त्याच भिंतीच्या आत, कंट्रोल केबिनमध्ये बसून मी नोकरीभर लोकांना गावोगाव पाठवलं. आता मी जाणार.

सामान जावयाचं. रत्नपालला विमान चालवायच्या गेमचा नाद. बेंगळुरूचं घर लहान, म्हणून पडदा, जुना कॉम्प्युटर आणि विमानाचा दांडा, सगळं माझ्या पलंगाखाली आणून ठेवलेलं. शंकरसिंगने फोनवर रत्नपालला विचारत वायरी जोडल्या. शंकरसिंग खाली राहतो. आमच्याच डेपोचा रिटायर्ड ड्रायव्हर. वायर जोडताना म्हणाला, "मॅडम, तुमी इमान चालवून राहिल्या, अन् डेपोच्या सहलीला कधी बसमधी बसल्या न्हाई." मी म्हणाले, पक्कड इकडे दे आणि तोंड बंद ठेव.

कारण लिहून ठेवते. शीतलचे दिवस एप्रिलच्या मध्याला भरतात. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर. डॉक्टरांनी प्रवास करायचा नाही म्हणून सांगितलंय, म्हणजे बाळंतपण तिकडेच. तिने तिकीट पाठवलं: ६ एप्रिल, नांदेड ते बेंगळुरू, सरळ विमान. फोनवर म्हणाली, "आई, अकरा वर्षांत तू एकदाही माझ्या घरी आली नाहीस. तुला गाडी लागते, मला माहितीय. विमानात तेवढं होत नाही म्हणतात. या वेळी मला तू पाहिजेस."

मला गाडी लागत नाही. मला पित्त आहे.

संकल्प: रोज दोन तास सराव. ६ एप्रिलपर्यंत विमानातली कुठलीही गोष्ट मला नवी राहणार नाही. भीतीचा प्रश्नच नाही. ओळख करून घेतल्याशिवाय मी कुणाच्या घरात बसत नाही, मग यंत्रात कशी बसेन?

१३ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं उड्डाण. विमान जमिनीवरच राहिलं. धावपट्टी सोडून गवतात गेलं आणि तिथेच गोल गोल फिरत बसलं. मी शांत होते. थोड्या वेळाने थोडं पित्त. काल रात्रीची गवार.

१७ फेब्रुवारी, शनिवार

कॉकपिटचा अभ्यास केला. समोर सहा मोठे डायल. सगळे आडवे, अंड्यासारखे. हे मला आवडलं. गोल डायल म्हणजे स्वयंपाकघरातलं घड्याळ. विमानाला वेगळा आकार असणारच.

वर आकाशाची एक पट्टी दिसते. बाकी सगळं डॅशबोर्ड. इतका रुंद पडदा आणि आकाश बोटभर. आमच्या केबिनची काच याच मापाची होती. त्या काचेतून मला बसचं फक्त कपाळ दिसायचं, पाटीसकट: नांदेड, परभणी, कळमनुरी, डोंगरकडा. खालची चाकं मी कधी पाहिली नाहीत. सवय असलेल्या माणसाला एवढं पुरतं.

टेक ऑफच्या आधी घोषणा करायची राहिली होती. ती केली, नीट, माईकवर करायचे तशी: प्रवाशांनी लक्ष द्यावे, वसमतहून बेंगळुरूकडे जाणारे विनाथांबा विमान सुटण्याच्या तयारीत आहे. खालून शंकरसिंग ओरडला, "फलाट किती, मॅडम?" या इमारतीच्या भिंती पापडाच्या आहेत.

विमान उडालं नाही. पण घोषणा उत्तम झाली. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना म्हणायची, आवाज पोटातून आला पाहिजे. माझा येतो. वडील रेल्वेत गार्ड, पूर्णेला. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मला शिकवलं ते वाया गेलेलं नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

याच पडद्यावर शीतलशी व्हिडिओ कॉल. पोरगी फार जाड झाली आहे. गाल दोन्हीकडे पसरलेत, हनुवटी कानापर्यंत. आठवा महिना म्हणजे काय दिसेल ते खायचं? मी स्पष्ट सांगितलं, भात बंद कर, अंगावर सूज आहे, बीपी बघ. ती म्हणाली, "आई, माझं वजन उलट कमी भरतंय." मी म्हणाले, मला डोळे आहेत. लहानपणापासून खरं ऐकायची सवय नाही तिला.

१ मार्च, शुक्रवार

रत्नपालचा फोन. मुलगा सभ्य आहे, पण समजावण्याची फार हौस. त्याचं म्हणणं: गेम जुना, चौकोनी पडद्यासाठी केलेला. रुंद पडद्यावर लावला की चित्र दोन्ही बाजूंनी ताणलं जातं, आणि कॉम्प्युटरचं सेटिंग तेच राहिलं असल्यामुळे बाकी सगळंही ताणून दिसतं. पडद्याच्या खाली बटण आहे. ते दाबलं की चित्र खऱ्या मापाचं होईल.

दाबून पाहिलं. डायल गोल झाले हे खरं. पण चित्र मधोमध आक्रसलं आणि डावी-उजवीकडे दोन काळे पट्टे आले, बंद दारांसारखे. मी लगेच पुन्हा बटण दाबलं. जावयाला सांगितलं, नोकरीभर मी एका खिडकीतून पाहिलं. आता चौतीस इंच मिळालेत तर त्यातही दोन्ही बाजूंना अंधार करून बसू? तो म्हणाला, "पण मम्मी, खरं माप ते आहे." मी म्हणाले, खरं माप तू तुझ्या घरी बघ.

१० मार्च, रविवार

आठवडाभर सराव नाही. कारण हळद. गावात सगळीकडे हळद शिजवणं चालू आहे, आणि तो वास खिडकी बंद असून घरात येतो. त्या वासाने कुणालाही मळमळेल. लोक म्हणतात, तुम्ही तर जन्मभर वसमतला, इतकी वर्षं नाही मळमळलं? मळमळलं. मी बोलले नाही.

आज उड्डाण यशस्वी! विमान वर गेलं. रुंद पडद्यावर जमीन दोन्ही बाजूंनी खाली पडते, कुणी खालून सतरंजी ओढल्यासारखी. मी वळणावर डोळे मिटून घेतले. यात चूक काही नाही. ढगात शिरल्यावर खऱ्या पायलटला तरी काय दिसतं? याला इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग म्हणतात. थोड्या वेळाने धडकल्याचा आवाज आला, पण तोवर मी मोरीत होते.

पित्त. चहा कडक झाला होता.

२१ मार्च, गुरुवार

आजचा दिवस मोठ्या अक्षरात लिहायला हवा.

सकाळी लवकर सरावाला बसले, उपाशीपोटी. सुरुवात चांगली. मग एकदम हादरे. टेबल थरथरायला लागलं, पडदा डुलला, कपबशी वाजली, खुर्चीसुद्धा हलली. मी ओळखलं: टर्ब्युलन्स. रत्नपालने सांगितलं होतं, हवा खराब असली की विमान हलतं, घाबरायचं नाही, दांडा सैल धरायचा. मी दांडा सैल धरला. पाठ ताठ. डोळे उघडे! पोट जागेवर! मनात म्हटलं, गेम इतका चांगला असेल असं वाटलं नव्हतं, अगदी खुर्चीपर्यंत येतो.

खाली आरडाओरडा. शंकरसिंग जिन्यात पाय आपटत वर आला, दार बडवलं. "मॅडम, बाहेर या! भूकंप झाला! समदी गल्ली रस्त्यावर हाय, तुमी काहून बसून राहिल्या?"

मी म्हणाले, मी हवेत आहे, नंतर ये.

नंतर कळलं, खरंच धक्का होता. आमच्या भागात जमीन अधूनमधून गुरगुरते, त्यातलाच जरा मोठा. कुणाला लागलं नाही. गल्लीतल्या बायका बनियनवरच्या नवऱ्यांना घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या म्हणे. मी एकटी जागेवर. शंकरसिंग सगळ्यांना सांगत सुटलाय की मॅडमना भूकंप लागला न्हाई. सांगू दे. मुद्दा त्याच्या लक्षात आलेला नाही. जी बाई खऱ्या भूकंपात बसून राहते, तिला विमानाचं काय?

शीतलला लगेच फोन केला. हसत होती. खूप दिवसांनी हसली. म्हणाली, "मग येशील ना गं?" मी म्हणाले, म्हणजे काय.

२८ मार्च, गुरुवार

तयारी पूर्ण. चाकाची बॅग आणली. बाळासाठी जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवली, डिंकाचे लाडू केले, शीतलला दोनच द्यायचे, जाड झालीय. माझ्यासाठी लिंबं.

शंकरसिंग म्हणतो, नांदेडला जायच्या आधी एकदा माझ्या व्हॅनमधून कुरुंद्यापर्यंत जाऊन येऊ. "नुसती ट्रायल, मॅडम. मंग त्या दिशी तकलीफ न्हाई व्हनार." मी म्हणाले, विमानात बसायची तयारी व्हॅनमध्ये होत नसते. खरं म्हणजे आज अमावस्या की काहीतरी असावं. मी ते मानत नाही, पण तो मानतो, म्हणून त्याच्यासाठी नको म्हटलं.

केमिस्टने गोळी दिली, निघण्याआधी घ्यायची. परत केली. मी पेशंट नाही.

२ एप्रिल, मंगळवार

शीतलच्या घरमालकीणबाई जयलक्ष्मम्मा रोज तिला सांबार आणून देतात. शीतल फार गुण गात होती. मी म्हणाले, आता चारच दिवस, मग त्या बाईंना सांग, तुमचं सांबार तुम्हालाच. शीतल म्हणाली, "आई, त्या म्हणाल्या, तू नाही आलीस तर दवाखान्यात त्या बसतील." मी विचारलं, नाही आले तर म्हणजे? कुणी काढलं हे? ती म्हणाली, कुणी नाही, असंच.

असंच म्हणून काही नसतं. त्या बाईला मराठी येत नाही. कळा सुरू झाल्यावर शीतल कोणत्या भाषेत ओरडणार?

सराव दुप्पट. आज हैदराबादच्या वरपर्यंत गेले. डोळे एकदाच मिटले. बादली जवळ ठेवते, पण ती पाणी सांडलं तर म्हणून.

५ एप्रिल, शुक्रवार

उद्या. कार्यक्रम असा. शंकरसिंगची व्हॅन, मी पुढच्या सीटवर. साधारण तासाभरात नांदेड. विमानात खिडकीची जागा. पंखाजवळची, तिथे कमी हलतं. दुपारपर्यंत शीतलच्या दारात. बेल दाबायची नाही. बाहेर उभं राहून घोषणा करायची: प्रवाशांनी लक्ष द्यावे, वसमतहून आलेली आई फलाट क्रमांक एकवर उभी आहे.

हे लिहितानाही मला हसू येतंय. अकरा वर्षांत मी तिच्या घराचं दार पाहिलेलं नाही. व्हिडिओत पाहिलंय, हिरवं आहे. रुंद आहे.

पडद्यावर फडकं टाकलं. त्याचं काम झालं.

६ एप्रिल, शनिवार. दुपारी

हवामान अनुकूल नव्हतं.

म्हणजे ऊन होतं, आकाश स्वच्छ होतं. मी पोटाच्या हवामानाबद्दल बोलते आहे. लाडूचा तूपकट वास बॅगेतून येत होता. शंकरसिंगने तेवढ्यात गाडीत अगरबत्ती लावली होती, ड्रायव्हर लोकांची ही एक खोड. त्यात हळदीचे ट्रक. कुठलाही पायलट अशा परिस्थितीत वळला असता.

साखर कारखान्याच्या वळणावर पहिल्यांदा थांबलो. मग पुलाच्या अलीकडे. मग पुलाच्या पलीकडे. चौथ्या वेळी शंकरसिंगने इंजिन बंद केलं, पाण्याची बाटली दिली आणि स्वतः दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. मी रस्त्याच्या कडेला बसले होते, चांगली साडी मातीत. तो म्हणाला, "मॅडम, म्होरं जायचं का मागं, तुमी सांगा. घाई न्हाई. पर इमान थांबत न्हाई."

त्याने एकही टोमणा मारला नाही. हे मला फार लागलं.

मी म्हणाले, मागे.

गाडीत मात्र पुन्हा बसले नाही. चालत आले. वसमतपर्यंत, उन्हात, बॅग चाकांवर ओढत. शंकरसिंग माझ्यामागे पहिल्या गिअरमध्ये व्हॅन आणत होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. एक एसटी बाजूने गेली, नांदेडची. कंडक्टरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "मॅडम, यायचं का?" मी हात केला, पुढे जा. नोकरीभर हेच केलं.

निर्णय योग्य होता. परत फिरायचं कधी, हे ज्याला कळतं तो खरा कॅप्टन.

८ एप्रिल, सोमवार

शीतलला फोन केला. अगरबत्तीचं सांगितलं, ट्रकचं सांगितलं. पुढच्या आठवड्याचं तिकीट काढ म्हणाले, शंकरसिंगला सोडून दुसरी गाडी बघते. ती म्हणाली, "बरं आई."

ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. "बरं" ला काय उत्तर देणार?

१० एप्रिल, बुधवार

पडद्यावरचं फडकं काढलं नाही. ते काढलं तरी मागे खिडकी आहे, आणि खिडकीमागे तीच भिंत. आज स्टँडवर नवीन नियंत्रकाचा आवाज ऐकला. पोरगी नाकातून बोलते. कळमनुरीला कलमनुरी म्हणते. मी खाली जाऊन सांगणार होते. गेले नाही. स्टँडवर सगळे विचारतील, मॅडम, बेंगळुरूला गेल्या न्हाई का?

पित्त नाही. आज नुसतंच पडून होते.

१४ एप्रिल, रविवार. संध्याकाळी

सकाळी पांढरी साडी नेसून बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत चालत जाऊन आले. जयभीम, जयभीम सगळ्यांना. कुणी विचारलं नाही. शंकरसिंगने सांगून ठेवलं असावं. मनातल्या मनात मी त्याच्यावर रागावले.

संध्याकाळी मिरवणूक ऐन गल्लीत आली आणि तेव्हाच कॉल वाजला. फडकं काढलं.

मुलगी झाली. काल दुपारी, असं रत्नपालने कागदावर लिहून पडद्यासमोर धरलं. कसं झालं, किती वेळ लागला, मला काही ऐकू आलं नाही. डीजे इतका मोठा की पडदा थरथरत होता, आणि हा भूकंप नव्हता. रत्नपालचे ओठ हलत होते. शीतलच्या मागे एक जाडजूड बाई उभी, हातात डबा. जयलक्ष्मम्मा. शीतलच्या केसांवरून हात फिरवत होती.

बाळ आणलं. तोंड एवढं रुंद, डोळ्यांत हातभर अंतर, नाक पसरट. लेकराला काही झालंय का? मी ओरडले, मुलीचं तोंड असं का? रत्नपालला ऐकू गेलं नसणार, पण त्याला कळलं. त्याने हवेत बोट दाबून दाखवलं. बटण. बटण.

दाबलं.

दोन्ही बाजूंचे काळे पट्टे आले आणि मधोमध माझी नात. वाटीएवढं तोंड, गोल. झोपेत ओठ मुडपलेले, माझ्या वडिलांसारखे. काही झालेलं नव्हतं तिला.

मग शीतल पुढे झुकली. मी इतके दिवस जिला भात बंद कर म्हणत होते, ती. गाल बसलेले. गळ्याची हाडं वर आलेली. मनगट काडीसारखं. जयलक्ष्मम्माही काही जाडजूड नाही, बारीकच आहे बिचारी.

शीतल काहीतरी म्हणाली. डीजेमुळे ऐकू आलं नाही, पण एवढे ओठ मला वाचता येतात. कधी येतेस?

पोटातून आवाज काढून सांगायचं होतं, प्रवाशांनी लक्ष द्यावे. निघाला नाही. मी नुसती मान हलवली. येते म्हणून. दोघी त्या काळ्या पट्ट्यांच्या मधे इतक्या लहान दिसत होत्या, लांबच्या फलाटावर उभ्या असल्यासारख्या.

मी बटण पुन्हा दाबलं. दोघी पडदाभर झाल्या. गुबगुबीत. अगदी जवळ.

उद्यापासून सराव. रोज, उपाशीपोटी.